रिळाचं गोत

साक्रीत मासे धरायच्या रिळाची दुरुस्ती करणारं दुकान नाही. नसण्याचं कारण उघड आहे. समुद्र लांब, पाऊस बेताचा, आणि गावाला लागून असलेली कान नदी वर्षातले बरेच महिने वाहण्याचं काम पुढच्या आषाढावर टाकून मोकळी होते. अशा गावात कुणी रिळाचं दुकान काढलंच असतं, तर लोकांनी त्याला आधी पाणी पाजलं असतं आणि मग घरी नेऊन सोडलं असतं.

तरी तालुक्यात पाणी आहे. कानवर मालनगावचं धरण आहे, पांझरेवर पिंपळनेरजवळ लाटीपाडा आणि खाली अक्कलपाडा, शिवाय जामखेलीचं वेगळं. धरण झालं की त्यात मत्स्यबीज पडतं, मासा वाढतो, सोसायटीला ठेका मिळतो, भोयांची जाळी पाण्यात जातात. आणि सगळ्यांच्या मागून, कुणी आवतण दिलेलं नसताना, एखादा इसम खांद्यावर काठी टाकून आणि काठीला रीळ लावून बांधावर उगवतो. सोसायटीच्या माणसाला विचारून तो दूर कोपऱ्यात बसतो आणि गळ टाकतो. त्याला कटला हवा असतो, मरळ हवी असते, नाहीच तर चिलापीवर तो भागवून घेतो. असे इसम तालुक्यात फार नाहीत. जे आहोत ते भेटल्यावर आधी एकमेकांच्या रिळाकडे बघतो, चेहऱ्याकडे नंतर.

रीळ मिळवणं आता अवघड राहिलेलं नाही. पूर्वी कुणाचा मेहुणा ते मुंबईहून आणायचा, कुणाचा साडू सुरतेहून. दहिवेल, कोंडाईबारीचा घाट, नवापूर करत आमचा रस्ता सुरतेलाच जातो. कान पांझरेला मिळते, पांझरा तापीला, आणि तापीही सुरतेवरूनच समुद्र गाठते. म्हणजे आमचं पाणी आणि आमची एसटी दोन्ही एकाच गावाला जातात. फरक इतकाच, की एसटी परत येते. हल्ली तर कुरिअरवाला रीळ दारात आणून देतो. खरा प्रश्न त्यानंतरचा. रीळ ही चालती वस्तू आहे, आणि चालणाऱ्या वस्तूला बंद पडण्याचा हक्क असतो. मोठ्या शहरात दुरुस्तीला पाठवावं तर जाण्यायेण्याचा खर्च रिळाच्या किमतीला भिडतो. मग ते घरीच राहतं, आणि या गावात त्याचं कोण आहे याचा शोध सुरू होतो.

माझं म्हणणं असं, की साक्रीत रिळाचं पुष्कळ गोत आहे. नातं कळायला रीळ उघडावं लागतं, इतकंच.

रीळ उघडायचा काळ ठरलेला असतो. चैत्र सरत आला की धरणं खाली जातात, काठचा चिखल तडकतो, उरलेलं पाणी मध्यभागी अंग चोरून बसतं. याच दिवसांत शेतकरी वखर-पाभर बाहेर काढून सुताराकडे, लोहाराकडे नेतो. पांझरेकाठच्या फड बागायतीच्या गावांत बंधाऱ्यावरून निघालेल्या पाटातला गाळ काढायचा, फुटलेले काठ सावरायचे, हे सगळ्यांनी मिळून करायचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडांना झोके लागतात, खापरावरच्या पुरणपोळ्यांचा वास गल्लीभर फिरतो. एवढ्या सगळ्या उपयोगी गडबडीत एक माणूस ओट्यावर बसून परातीत एक यंत्र खोलून ठेवतो. येणाराजाणारा थांबणारच.

"हाई काय शे, नाना?"

"मासा धरानं रीळ."

तो परातीत वाकून बघतो. "मंग मासा कोठे शे?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसतं. मी परातीकडे बघत राहतो.

परात मुद्दाम घेतलेली असते, कारण परातीला काठ असतो. रिळात नखावर मावतील अशा स्प्रिंगा असतात. त्या वर्षभर कुठल्या तरी पत्र्याखाली निमूट दबून बसलेल्या असतात. स्क्रू सुटला की त्यांना पहिल्यांदा मोकळं आकाश दिसतं, आणि त्या थेट ओट्याखालच्या गटारीची दिशा धरतात. ही दिशा त्यांना कोण शिकवतं कळत नाही. जपानी असो, चिनी असो, सगळ्या स्प्रिंगांना ती पाठ असते. म्हणून जाणकार माणूस परातीत जुनं पांढरं धोतर अंथरतो, शेजारी लोहचुंबक ठेवतो, आणि एकेक भाग काढेल तसा तो ओळीनं मांडून मोबाईलवर फोटो काढतो. आमच्या मोबाईलमध्ये नातवंडांपेक्षा दातेरी चाकांचे फोटो जास्त निघाले तर त्याचा अर्थ माया कमी असा घेऊ नये. नातवंडं पुन्हा जोडावी लागत नाहीत.

कोकणातल्या रिळाचा वैरी मीठ. तिथला माणूस खाडीवरून आला की आधी रिळावर गोडं पाणी घालतो. आमच्याकडे वैरी धूळ. फाल्गुनापासून वारा सुटला की ती सगळीकडे शिरते. रीळ तर काय, बंद कपाटातल्या लग्नाच्या अल्बममध्येही सापडते. धूळ आणि ग्रीस एकत्र आले की त्यांची पॉलिशची पेस्ट होते, आणि ती चाकांचे दात हळूहळू खाते. तेव्हा जास्त ग्रीस म्हणजे जास्त काळजी, हा समज आमच्या हवेत महागात पडतो. दातेरी चाकांना ग्रीसचा पातळ हात, बेअरिंगला तेलाचा एखादा थेंब, बस. आणि दांडी उलटी फिरू नये म्हणून जे एकदिशी बेअरिंग बसवलेलं असतं, ते जवळजवळ कोरडंच ठेवायचं. त्यातले बारीक रूळ अडकून बसले तरच दांडी थांबते. त्यांना ग्रीस दिलं की ते घसरतात, आणि मासा ओढायला लागला की दांडी उलटी फिरून बोटांवर बसते. कुरकुर ऐकून फवाऱ्याचा डबा मारणारेही आहेत. कुरकुर थांबते, पण फवारा आतलं जुनं ग्रीस धुऊन नेतो, आणि आठवड्यात रीळ दुप्पट आवाजात तक्रार करतं.

इतकं घरी होतं. पुढचं काम गोताकडे.

पहिले नातेवाईक बाजारपेठेतले घड्याळवाले काका. काचेच्या पेटीमागे ते अजून बसतात. मोबाईलनं मनगटं मोकळी केल्यापासून त्यांच्या पेटीत घड्याळांशेजारी रिमोटचे सेल आणि कॅल्क्युलेटर आले आहेत, पण डोळ्याला भिंग लावलं की माणूस बदलतो. त्यांनी रिळाची दांडी एकदा फिरवली, कानाशी नेली, पुन्हा फिरवली. म्हणाले, "मोठ्या चाकाची घरघर नाही ही. आतल्या छोट्या चाकाचं बेअरिंग कचरा धरून बसलंय." वाटीत पेट्रोल घेतलं, बेअरिंग त्यात बुडवलं, ब्रशानं धुतलं, वाळवलं, सुईच्या टोकावरून तेल दिलं. घरघर गेली. रिळात काय असतं हे त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. त्यांना ते पाहायची गरजही पडली नाही.

याला कारण आहे. स्वीडनमधल्या स्वेंगस्टा गावी १९२१ मध्ये एक कारखाना निघाला तो घड्याळांचा. खिशातली घड्याळं केली, मग टॅक्सीचे मीटर केले. दुसरं महायुद्ध पेटलं, मीटरांचं गिऱ्हाईक आटलं, तेव्हा कामगार आणि यंत्रं रिकामी ठेवायची नाहीत म्हणून त्यांनी रिळं करायला घेतली. आबू नावानं ती पुढे जगभर गेली आणि अजून जुन्या लोकांच्या कपाटात चालू स्थितीत सापडतात. मी ही हकिगत काकांना मोठ्या उत्साहानं सांगितली. त्यांनी भिंग काढलं, रिमोटच्या सेलांकडे पाहिलं आणि म्हणाले, "घड्याळ बसलं की माणूस काही ना काही धरतोच. त्यांनी मासे धरले."

दुसरे नातेवाईक सायकलवाले भाऊ. काही जुन्या रिळांत दांडी उलटी फिरू नये म्हणून दात असलेलं चाक आणि त्यात अडकणारी खुंटी असते. मी रीळ घेऊन गेलो तेव्हा भाऊ पंक्चरच्या टबाशी होते. टकटक आवाज ऐकून त्यांनी मागे न बघताच निदान केलं, "कुत्ता घासला." फ्रीव्हीलमध्ये ज्याला ते कुत्ता म्हणतात तोच इथे होता, फक्त पिल्लाएवढा. हॅक्सॉच्या तुटक्या पात्याचा तुकडा घेऊन त्यांनी कानशीवर नवा कुत्ता घासून दिला. पैसे विचारले तर म्हणाले, एवढ्याशा वस्तूचे काय घ्यायचे, मासा मिळाला की बघू. तेव्हापासून त्यांच्या दुकानासमोरून जाताना मी जरा वेगानं जातो.

आणि इथेही तेच. जपानमधल्या साकाई शहरात शिमानो नावाचा लोखंडकामाचा कारखाना निघाला, सालही १९२१. त्यांनी आधी सायकलचं फ्रीव्हील केलं. रिळांकडे ते १९७० मध्ये वळले. पृथ्वीच्या दोन टोकांना एकाच साली दोन कारखाने निघतात, एकाच्या डोक्यात घड्याळ, दुसऱ्याच्या डोक्यात सायकल, आणि माशाचा विचार दोघांच्याही मनात नसतो. पन्नास वर्षांच्या आत दोघेही आपापल्या वाटेनं पाण्याच्या काठावर येऊन बसतात. साक्रीत त्या दोघांची दुकानं एकाच रस्त्यावर आहेत.

तिसरी नातेवाईक घरातच निघाली. आमच्याकडे उषाचं शिलाई मशीन आहे आणि ते चालवणारी बाई मशीनपेक्षा जुन्या मताची आहे. रिळाला पुढे एक गोल मूठ असते. ती आवळली की आतल्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि दोरी सुटायला जोर लागतो. सैल केली की दोरी सहज सुटते. मोठा मासा झेपावला तर दोरी तुटण्याऐवजी थोडी सुटावी, यासाठी ही योजना. चकत्या घासतात, तापतात, झिजतात. आमच्या रिळाच्या फेल्टच्या चकत्या कोरड्या पडल्या होत्या आणि दोरी झटक्याझटक्यानं सुटत होती. मी त्या परातीत मांडून विचार करत असताना सौ. शेजारून म्हणाली, "अहो, हे तर टेन्शन आहे." मशीनवरच्या दोन चकत्यांमधून दोरा जातो, स्क्रू आवळला की टाका घट्ट, सोडला की खाली गुंता. तिनं चकत्यांना तेल पाजलं, मूठ बसवली, दोरी चिमटीत धरून ओढली आणि म्हणाली, "एवढं पुरे."

पुस्तकी नियम असा, की दोरी जेवढ्या वजनाला तुटते त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाला चकत्या सुटायला हव्यात. सहा किलोच्या दोरीला दीड ते दोन किलो. मी रद्दीवाल्याकडून स्प्रिंगचा काटा आणून ताडून पाहिलं. काटा पावणेदोनवर थांबला. मी काही बोललो नाही, ती बोलली: "काम नसेल तेव्हा मूठ सैल करून ठेवायची. घट्ट राहिलं की चकत्या चिकटतात. माणसांचंही तसंच आहे." रीळ ठेवून देताना मूठ सैल करावी हे कारखानेही सांगतात, शेवटचं वाक्य मात्र त्यांच्या माहितीपत्रकात नसतं.

चौथं नातं सगळ्यांत जुनं, आणि ते खानदेशचंच म्हणायला हवं. पूर्वीचं रीळ असं असायचं की गळ फेकला की अख्खं चाक गरगरा फिरे आणि गळ पाण्यात पडून थांबला तरी चाक थांबत नसे. मग दोरीचा असा गुंता होई की त्यात माणसाची सुट्टी संपून जाई. यावर उपाय १९०५ मध्ये निघाला तो इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला, लोकरीच्या गिरणीवाल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यांच्याकडून. गिरणीतल्या चात्यावरचं सूत टोकाकडून उलगडत जातं, चातं जागेवरच राहतं, हे ते रोज बघत होते. त्यांनी रिळातलं चाकही जागेवर ठेवलं आणि दोरी टोकाकडून सुटेल अशी व्यवस्था केली. आज कुरिअरवाला आणून देतो ती बहुतेक रिळं या गिरणीच्या वंशातली. जळगावची खानदेश मिल, अमळनेर-धुळ्याच्या प्रताप मिला यांत ज्यांनी साच्यांपुढे आणि चात्यांपुढे आयुष्य काढलं, त्यांना हे रीळ दाखवलं तर ते प्रश्न विचारत नाहीत. बोटानं दोरी उलगडून बघतात आणि मान हलवतात.

या युक्तीला एक किंमत मात्र द्यावी लागते. टोकाकडून सुटणाऱ्या दोरीला पीळ पडत जातो. पीळ काढायचा खात्रीचा उपाय म्हणजे दोरीच्या टोकाला काहीही न बांधता ती वाहत्या पाण्यात लांबवर सोडायची, थोडा वेळ तशीच राहू द्यायची आणि ताणून गुंडाळायची. पाणी तिला उलगडून देतं. आमच्याकडे यासाठी पाट उत्तम. पाटाला आवर्तन सुटलं की मी काठावर उभा राहून दोरी सोडतो. बैलगाडीवरून जाणारा थांबतो.

"काय लागनं का, भाऊ?"

"नाही."

"गय बांधाले भुली गयात का?"

"नाही. मुद्दाम नाही बांधला."

तो काही क्षण पाण्याकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो, मग बैलांना हळू आवाजात चालायला सांगतो. पुढच्या वळणावर गेल्यावर तो मागे वळून पाहतो, ते मी गेलो आहे की नाही याच्यासाठी नसावं.

रिळाचं असं. काठीचं गोत तर डोंगरातच आहे. पश्चिमेला सह्याद्रीच्या उतारावर मानवेल उगवतो. हा बांबू जवळजवळ भरीव, चिवट, वाकून पुन्हा सरळ होणारा. जाणकार तो अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा म्हणतात, म्हणजे कीड लागत नाही. तोडल्यावर पाण्यात बुडवून ठेवतात, मग आचेवर धरून वाक काढतात आणि तेल पाजतात. एकोणिसाव्या शतकात असलाच बांबू कलकत्त्याच्या बंदरातून जहाजं भरभरून विलायत-अमेरिकेला जाई. तिथले कारागीर तो चिरून, सहा पट्ट्या चिकटवून षटकोनी काठी करत आणि साहेब ती काठी घेऊन पुन्हा हिंदुस्थानात महाशीर धरायला येत. दक्षिण कानड्याचे कलेक्टर हेन्री थॉमस यांनी तर इथल्या गळाच्या शिकारीवर १८७३ मध्ये जाडजूड पुस्तकच लिहिलं. पुढे चीनच्या टोंकिन बांबूनं कलकत्त्याला मागे सारलं, युद्धानंतर काचतंतू आले, आणि १९७० नंतर कार्बन. आमच्या इथे बुरूडकाम करणारे दादा आहेत. त्यांना षटकोनी काठीचा फोटो दाखवला. त्यांनी विचारलं, "अख्खा बांबू होता ना? मग चिरून परत कशाला चिकटवला?" वजन आणि लवचीकपणा यांचं जे स्पष्टीकरण मी दिलं ते त्यांनी टोपलीची कड वळता वळता ऐकून घेतलं.

कार्बनची काठी हलकी, पण तिचे लाड फार. तिच्यातून वीज वाहते. आमच्या पाण्याच्या काठी शेतीपंपांच्या तारा डोक्यावरूनच गेलेल्या असतात, तेव्हा चार मीटरची काठी उभी धरून चालणं म्हणजे शिकार कुणाची याचा निर्णय महावितरणवर सोडणं. वळवाचा पाऊस गडगडला की काठी आडवी ठेवून लांब बसावं. काठीवर दोरी जाते त्या कड्यांना आतून चिनीमातीचं वळं असतं. त्याला नजरेला न दिसणारी चीर गेली तरी दोरी कापली जाते. ही चीर शोधायला आम्हाला भिंग लागत नाही. बोंडातला कापूस घ्यावा आणि कड्यातून अलगद फिरवावा. जिथे तंतू अडकला तिथे चीर. विलायती लोक यासाठी कान साफ करायच्या काड्या वापरतात. कापसाच्या मुलखात राहण्याचे फायदे असे अनपेक्षित जागी मिळतात.

सैल झालेलं कडं नव्यानं बांधायचं तर पॉलिस्टरच्या दोऱ्याचे वेढे एकाला एक लागून घ्यायचे आणि शेवटचं टोक वेढ्यांखालून ओढून काढायचं. हे कामही घरच्या बाईनं हातात घेतलं आणि मला फक्त काठी फिरवत ठेवायला सांगितलं. वर अरल्डाइटचा पातळ थर. फेविक्विक नको, ते कडक होतं आणि काठी वाकली की तडकतं.

आणि दोन तुकड्यांची काठी सांध्यात अडकली, तर ती सोडवायचा शास्त्रोक्त विधी सांगायलाच हवा. उकिडवं बसायचं, काठी गुडघ्यांच्या मागून आडवी घ्यायची, दोन्ही तुकडे दोन्ही हातांनी गुडघ्यांच्या अगदी लगत धरायचे, आणि हातांनी न ओढता गुडघे फाकवायचे. विधी अचूक आहे, सांधा सुटतोच. फक्त तो अंगणात करू नये. करायचाच असेल तर पाहुणे कोणत्या वेळी येतात हे माहीत असावं. यापेक्षा सांध्याला आधीच मेणबत्तीचं मेण चोळणं सभ्यपणाचं.

दोरीची खरेदी हा वेगळाच सोहळा. नायलॉनची दोरी पौषात घेऊ नये. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, आणि ते योग्यच झालं. पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे त्यानं कापले जात होते. पण संक्रांतीच्या तोंडावर हातात नायलॉनचं गुंडाळं घेऊन चाललेल्या पिकल्या केसांच्या माणसाकडे लोक कसं बघतात हे अनुभवायला हवं. "मासे धरायचे आहेत" हे उत्तर खरं असलं तरी जानेवारीत ते खोटं वाटतं.

मग सुधारणांचं वेड येतं. आमच्यात एकमेकांना विचारायचा प्रश्न म्हणजे "तुझ्यात बेअरिंग किती?" कुणी सात सांगतो, कुणी अकरा. प्रत्यक्षात मोठ्या चाकाच्या दोन बाजू, छोटं चाक आणि दोरी जिथून वळते तो रूळ, एवढ्या जागी चांगली बेअरिंगं असली की बाकीची शोभेला. फेल्टच्या जागी कार्बनच्या चकत्या टाकल्या तर उष्णता सोसतात, हा बदल कामाचा. विणलेली बारीक दोरी घेतली तर ताकद वाढते. पण गुळगुळीत चाकावर ती घसरते, म्हणून आधी नायलॉनचे काही वेढे द्यावे लागतात. शिवाय ती मऊ धातूची जुनी कडी कापते. म्हणून कडी बदलली. कडी चांगली आली की काठी जुनी वाटते. काठी नवी आली की तिच्यावर रीळ जड दिसतं. रीळ नवं आलं की त्यावर जुनी दोरी घालणं बरं दिसत नाही. या चक्राला उलटं फिरू न देणारा कुत्ता फार मजबूत आहे.

"नाना, इतला पैसामा तं पोतंभर मासा ई जातीन," शेजारचा मुलगा म्हणाला. हिशेब बरोबर आहे. पण हा हिशेब नऊशे वर्षांपूर्वीही कुणी तरी केला असणार. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ११३० च्या आसपास ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ रचला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत तो छापलेला आहे. त्यात मत्स्यविनोद म्हणून एक प्रकरण आहे. माशांच्या जाती, कुठल्या माशाला काय चारावं, काठी, दोरी, गळ, सगळं तपशिलानं. राजाला मासा हवा असता तर भोयाला निरोप गेला असता आणि मुदपाकखान्यात टोपली आली असती. त्यानं हे प्रकरण राज्यकारभाराच्या भागात घातलं नाही, मल्लांच्या कुस्त्या आणि हत्तींचे खेळ यांच्या शेजारी, विनोदांत घातलं. पुढे ११९५ च्या सुमारास चीनचा चित्रकार मा युआन यानं तळ्यावर होडीत एकटाच बसलेला माणूस काढला. त्याच्या काठीला चक्क रीळ आहे. चित्र टोकियोच्या संग्रहालयात आहे. माशाबद्दल मात्र चित्रात काही माहिती मिळत नाही.

ज्यांना मासा खरंच लागतो ते भोई धरणाकाठी संध्याकाळी जाळी पसरून बसतात. फाटलेली घरं शोधायची, सुईवर सूत भरायचं, गाठ मारायची, पुढचं घर. कुणी त्यांना "हे कशाला करता?" विचारत नाही. ते आमच्या रिळाकडे आदरानं बघतात, दांडी फिरवून देतात, पाणी कुठे खोल आहे हेही सांगतात. त्यांतल्या एका आजोबांनी माझं सगळं सामान पाहून झाल्यावर विचारलं, "याला दुरुस्ती किती लागते?" मी म्हटलं, पुष्कळ. ते समाधानानं म्हणाले, "मग बरंय. जाळ्यालापण लागते." आमच्या दोघांमधलं अंतर त्या एका वाक्यात बरंच कमी झालं. मासा त्यांच्याकडे जास्त, फुरसत माझ्याकडे. दुरुस्ती दोघांकडे सारखी.

गोतात अलीकडे एका जावयाची भर पडली आहे. बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्त करणारा तरुण मुलगा. घड्याळवाल्या काकांनीच त्याच्याकडे पाठवलं. माझे हात आता थरथरतात, म्हणाले. त्याच्याकडे चुंबकाची गादी आहे, सगळ्या आकारांचे बारीक पेचकस आहेत, पडद्यावर मोठं करून दाखवणारा सूक्ष्मदर्शक आहे, आणि पाण्यात ध्वनिलहरी सोडून कचरा काढणारी पेटी आहे. त्यानं रीळ खोललं, एकही स्प्रिंग उडाली नाही. भाग पेटीत टाकले, पाणी काळं झालं. पुसून, मोजकं तेल-ग्रीस देऊन, एकदिशी बेअरिंग कोरडं ठेवून त्यानं सगळं बसवलं. हे शेवटचं त्याला मी सांगितलं नव्हतं. दांडीला बोट लावलं तर ती आवाज न करता फिरत राहिली.

"नाना, आते दोन-तीन वरीस उघडानी गरज नई."

मी पैसे दिले, आभार मानले. घरी आल्यावर त्या वाक्याचा अर्थ नीट कळला. दोन-तीन वर्षं! म्हणजे येणाऱ्या आखाजीला परात स्वयंपाकघरातच राहणार, ओट्यावर कुणी थांबणार नाही, काका, भाऊ, दादा यांच्याकडे जायला कारण उरणार नाही, आणि मला सरळ जाऊन मासे धरावे लागणार. अशी वेळ कुणावर येऊ नये. काठीचं तिसरं कडं तसं घट्टच आहे, सौ.नं बांधलेलं आहे, दादांनीही हलवून पाहून तसं सांगितलं. पण परवा त्याच्यातून कापूस फिरवला तेव्हा एक तंतू अडकल्यासारखा वाटला. नक्की अडकला असं म्हणत नाही. बघून घ्यायला हवं.